कुलंट भरला, पण एअर काढली का?

वाईहून पसरणी घाट चढायला लागलं की गाडीचं कूलिंग कसं आहे ते लपून राहत नाही. माझं गॅरेज घाटाच्या पायथ्याला. मे महिन्यात बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभी असलेली माणसं नेहमी दिसतात, आणि त्यांतले बरेच जण एकच सांगतात, “अहो, परवाच कुलंट बदललाय!” माझी शंका नेमकी तिथंच असते.

रेडिएटर, होज पाइप, पंप, इंजिन आणि डॅशबोर्डमागचा हीटर मिळून कुलंटची एक बंद वाट असते. ती रिकामी केली की आत हवा शिरते. भरताना घाई केली तर ही हवा उंचवट्याच्या जागी अडकते. पंपाच्या पात्यांपाशी हवा आली की पंप नुसताच फिरतो, कुलंट पुढे सरकत नाही. हेडमध्ये पोकळी राहिली तर तिथला धातू तापतो, शेजारच्या कुलंटची वाफ होते आणि पोकळी वाढत जाते. मग गॅस्केट उडतं, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. टेंपरेचरचा सेन्सर त्या पोकळीत आला तर काटा उलट खाली राहतो आणि ड्रायव्हर निर्धास्त!

म्हणून मी काट्याआधी हीटर बघतो. इंजिन गरम, हीटर पूर्ण लाल खुणेवर, तरी वारा गारच येतो? रेस दिली की डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येते? मग गाडीनं एअर धरली म्हणून समजा.

एअर काढायची ती इंजिन पूर्ण गार असतानाच. गरम इंजिनाची कॅप कुणीही उघडू नये. आतला कुलंट शंभर अंशांवर गेला तरी कुकरसारखा दाबाखाली असतो म्हणून उकळत नाही. कॅप सुटली की तो एकदम वाफ होऊन तोंडावर येतो. हात भाजलेले लोक मी पाहिले आहेत.

गाडीचं तोंड चढाला करायचं, म्हणजे कॅप सगळ्यांत उंच येते. हीटर पूर्ण गरमवर. कुलंट आणि डीमिनरलाइज्ड पाणी निम्मं निम्मं, बारीक धारेनं. बोअरचं पाणी नको, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मधेमधे वरचा होज पाइप हातानं दाबत राहायचं. प्रत्येक दाबाला बुडबुडे येतात आणि पातळी उतरते. काही गाड्यांना एअर काढायचा वेगळा स्क्रू असतो. तो सैल करून ठेवायचा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करायचा. प्लॅस्टिकचा असेल तर हलक्या हातानं, जरा जोर झाला की तुटतो.

मग कॅप न लावताच इंजिन चालू. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो. तोवर वरचा पाइप फारसा तापत नाही. तो चटकन गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. बहुतेक वेळा त्याच क्षणी पातळी खाली जाते. तेवढं भरायचं, कॅप लावायची आणि फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबायचं. पुष्कळ ठिकाणी हेच थांबणं टाळलं जातं.

बऱ्याच थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक असतं, त्यात एक सैल पिन हलत असते. थर्मोस्टॅट बंद असताना हवा त्या भोकातून निसटते. उभ्या बसणाऱ्या थर्मोस्टॅटची ही पिन वरच्या बाजूला यावी लागते. खाली आली की हवा मागे कोंडते. आणि “गरम होते ना, काढूनच टाकू थर्मोस्टॅट” म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तो काढला की सपाटीवर इंजिन हवं तेवढं तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते.

नव्या काही गाड्यांत आधी व्हॅक्यूम ओढून मगच कुलंट भरतात. अशी गाडी घरी उघडू नये.

रात्रभर गार झाल्यावर सकाळी कुलंटच्या बाटलीतली पातळी पाहायची. थोडी उतरलेली असते, ती खुणेपर्यंत आणायची. पण पुन्हा पुन्हा एअर काढूनही बुडबुडे संपत नसतील तर ती भरताना राहिलेली हवा नव्हे. बहुधा गॅस्केटमधून सिलिंडरचा गॅस कुलंटमध्ये घुसतो आहे. अशी गाडी घेऊन घाट चढू नका, आधी हेड तपासून घ्या.