कपाटाची किल्ली कोणाकडे?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कापूरहोळला रस्ते फुटतात. डावा केतकावळे-नारायणपूरवरून सासवडला जातो, उजवा भोरला. थोडं अलीकडे, नसरापूरहून वेल्ह्याची वाट लागते. त्या तालुक्याला आता राजगड म्हणायचं. भाटघर धरणाच्या कडेनं किंवा तोरण्याच्या पायथ्याकडे जसजसं आत जावं, तसतशी वस्ती विरळ आणि शाळा लहान होत जाते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक आणि भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट. शालेय ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय धोरण आखायचं असेल, तर सुरुवात या कपाटापासून करावी.

कपाटात पुस्तकं यावीत याची तजवीज कागदावर झालेली आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत, असं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे. २०१८पासून समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या ग्रंथालयांसाठी वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांची तरतूद झाली. लहान शाळेच्या वाट्याचे पाच हजार म्हणजे, पातळ चित्रपुस्तकाला साठ रुपये धरले तर, ऐंशीएक पुस्तकं. वीस-पंचवीस मुलांना ती थोडी नाहीत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शाळेतली आणि सार्वजनिक ग्रंथालयं वाढवण्याचं वचन दिलं. महाराष्ट्रात २०१५पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडतं. सोळा तारखेचं काय, हा माझा प्रश्न आहे.

सोळा तारखेला कपाट उघडायला माणूस लागतो, आणि धोरणं नेमकी तिथे अडतात. १९५३ साली मुदलियार आयोगानं माध्यमिक शिक्षणाच्या अहवालात शालेय ग्रंथालयाचा आग्रहानं विचार केला, प्रशिक्षित ग्रंथपाल हवा असं सांगितलं. त्याच वर्षी जपाननं शालेय ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा केला. मात्र त्या कायद्याला एक सवलत जोडलेली होती: ग्रंथपाल-शिक्षक तूर्त नेमला नाही तरी चालेल. ती सवलत आटोपती घ्यायला १९९७ची दुरुस्ती लागली, आणि बारा किंवा अधिक वर्गांच्या शाळेत असा शिक्षक सक्तीचा व्हायला २००३ साल उजाडलं. कायदा हातात असूनही अर्धशतक गेलं. आपल्याला तर अजून कायदाही करायचा आहे.

महाराष्ट्रात माध्यमिक शाळेला ग्रंथपाल मिळतो तो पटसंख्येवर, कुठे पूर्णवेळ, कुठे अर्धवेळ. डोंगरातल्या शाळेचा पट तिथवर पोचणं अवघड, आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत अशा पदाची सोयच नाही. गावच्या वाचनालयाला १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं, पण ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आणि शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. एकाच गावातलं वाचनालय आणि शाळा दोन वेगळ्या विभागांची. दोन्ही एकत्र बसवणं हे राष्ट्रीय धोरणाचं पहिलं काम मानलं पाहिजे.

पुस्तकं कशी फिरवायची याचं उत्तर आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेल्यानं पुढे वाचायचं काय, हेही त्यांनी ओळखलं आणि १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालय झालं, त्यात मुलांचा विभाग झाला, आणि खेड्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू झाल्या.

भोर-राजगडमध्ये हे आज करता येईल, कारण केंद्रशाळेची रचना तयारच आहे. आसपासच्या शाळा एका केंद्राला जोडलेल्या आहेत, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषदेला शिक्षक एकत्र येतातच. येताना वाचून झालेली पेटी आणावी, जाताना दुसरी न्यावी. दहा शाळांनी आपापली ऐंशी पुस्तकं आपापल्या कपाटात ठेवली, तर मुलाला ऐंशीच मिळतात. आपसांत ठरवून वेगवेगळी घेतली आणि फिरवली, तर आठशे. त्यात ‘किशोर’चे अंक हवेत, बालभारतीचं हे मासिक १९७१पासून निघतं आणि जुने अंक आता इंटरनेटवरही वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या मराठी गोष्टी तर छापून घ्यायलाही मोकळ्या आहेत.

पेटी आली की ती कोणी सांभाळायची? पुण्याच्या प्रदीप लोखंडे यांच्या ‘ज्ञान-की’ उपक्रमात गावच्या माध्यमिक शाळेतलं ग्रंथालय एका विद्यार्थिनीच्या हाती दिलं जातं; देवघेव ती पाहते. पुस्तकं देणाऱ्याला मुलं पोस्टकार्डं लिहितात. किल्ली मुलीच्या हाती देण्यातली समज मला मोठी वाटते. तरी मुलीवर सगळं सोपवून मोठ्यांनी मोकळं होता कामा नये. पुस्तक निवडणं, मोठ्यानं वाचून दाखवणं, त्यावर मुलांना बोलतं करणं हे शिकावं लागणारं काम आहे. गोव्यात २००५पासून ‘बुकवर्म’ ही संस्था ते शाळाशाळांत जाऊन करते. अध्यापक विद्यालयाच्या अभ्यासक्रमात आणि शाळेच्या वेळापत्रकातही त्याला जागा द्यावी: आठवड्याला एक तास, परीक्षेच्या काळातही न काढून घेता येणारा.

मोजमापही बदलायला हवं. ग्रंथालय आहे की नाही, एवढंच विचारलं तर बंद कपाटही ‘आहे’मध्ये जमा होतं. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत जास्त नेमकं पाहतात: ग्रंथालय आहे का, आणि भेटीच्या दिवशी पुस्तकं मुलांच्या हातात होती का.

आणि कपाट बंद का राहतं? त्यामागे शिक्षकांच्या आळसापेक्षा डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, जास्त असतं. पुस्तक हरवलं, फाटलं तर तपासणीत विचारणा होईल, पैसे भरावे लागतील, ही धास्ती. केंद्र सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी आपल्या ग्रंथालयांपुरतं मान्य केलं आहे की वर्षात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवणं वाजवी आहे. सात वर्षांच्या मुलांच्या हाती जाणाऱ्या पुस्तकांना याहून मोठी सूट हवी, आणि फाटलेली पुस्तकं निर्लेखित करण्याचा अधिकार शाळेलाच हवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. वर्षाअखेर त्यांच्यासमोर यादी वाचावी, ठराव करावा आणि तेवढी नवी पुस्तकं पुढच्या अनुदानातून घ्यावीत. या एका नियमासाठी नवं पद लागत नाही, इमारत लागत नाही. शासन निर्णय निघाला की पुरे.