सिंगापूरचा कॅसिनो परवाना : हॉटेलांना घातलेल्या अटी

कॅसिनोला परवानगी द्यावी काय, हा प्रश्न अनेक शासनांपुढे येतो. ती कोणत्या अटींवर द्यावी, याचे तपशीलवार उत्तर सिंगापूरने आपल्या दोन हॉटेल-संकुलांच्या निमित्ताने दिले आहे.

सिंगापूरमध्ये अनेक दशके कॅसिनोला मनाई होती. पर्यटनक्षेत्रातील वाढती स्पर्धा लक्षात घेऊन एप्रिल २००५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान ली सिएन लुंग यांनी दोन संकुले उभारण्याचा निर्णय संसदेत जाहीर केला. धार्मिक संस्था व नागरिकांनी या प्रस्तावास विरोध केला होता. २००६ मध्ये कॅसिनो नियंत्रण कायदा संमत झाला.

मरिना बे येथील जमिनीची किंमत शासनाने १२० कोटी सिंगापूर डॉलर अशी आधीच निश्चित केली. त्यामुळे स्पर्धा बोलीच्या रकमेवर न होता पर्यटकांचे आकर्षण, वास्तुरचना आणि गुंतवणूक यांवर झाली. हा प्रकल्प अमेरिकेच्या लास वेगास सॅण्ड्स कंपनीला, तर सेंटोसा बेटावरील प्रकल्प गेंटिंग समूहाला मिळाला. दोन्ही संकुले २०१० मध्ये सुरू झाली.

वास्तुविशारद मोशे सफदी यांनी रचलेल्या ‘मरिना बे सॅण्ड्स’मध्ये ५५ मजल्यांचे तीन मनोरे, संमेलन केंद्र, संग्रहालय व बाजारपेठ आहे. जुगाराच्या दालनासाठी १५,००० चौरस मीटरची मर्यादा घालण्यात आली. एकूण बांधकामात या दालनाचा वाटा अल्प असला, तरी उत्पन्नाचा मोठा हिस्सा तेथूनच येतो.

परदेशी पर्यटकांना कॅसिनोत प्रवेशशुल्क नाही. नागरिक व कायम रहिवाशांना मात्र प्रारंभी दिवसाला १०० किंवा वर्षाला २,००० सिंगापूर डॉलर भरावे लागत. एप्रिल २०१९ पासून हे शुल्क अनुक्रमे १५० व ३,००० झाले. २१ वर्षांखालील व्यक्तींना मज्जाव आहे. जुगाराच्या आहारी गेलेल्या व्यक्तीचा प्रवेश रोखण्यासाठी कुटुंबीयांना अर्ज करता येतो. शासकीय अर्थसाहाय्यावर जगणाऱ्यांना दार आपोआप बंद होते. तथापि, शुल्क भरलेला माणूस ते वसूल करण्यासाठी अधिकच खेळेल, असा आक्षेपही घेतला जातो.

परवाना कायमस्वरूपी नसतो. तो साधारणतः तीन वर्षांसाठी मिळतो. २०२४ मध्ये सेंटोसा येथील संकुलाची पर्यटनविषयक कामगिरी असमाधानकारक ठरल्याने त्याचा परवाना दोनच वर्षांसाठी वाढविण्यात आला. कॅसिनो चालविण्याची मुभा पर्यटनवाढीच्या मोबदल्यात दिलेली आहे, हे यावरून स्पष्ट होते. मरिना बे येथे जुलै २०२५ मध्ये चौथ्या मनोऱ्याची पायाभरणी झाली.

भारतीय राज्यघटनेनुसार जुगार हा राज्यसूचीतील विषय आहे. गोव्यात पंचतारांकित हॉटेले व जहाजांवर कॅसिनो चालतात. स्थानिक रहिवाशांना तेथे प्रवेशबंदी करण्याचा निर्णय २०२० मध्ये घेण्यात आला. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोविषयक कायदा केला, परंतु तो कधीही अंमलात आला नाही. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. सिंगापूरने अटी घालून परवाना दिला, गोव्याने परवाने दिल्यानंतर स्थानिकांना रोखले, तर महाराष्ट्राने हे दार बंदच ठेवणे पसंत केले.