नीरेच्या उगमावरून हरिहरेश्वरापर्यंत

गव्हाणीत मोळी पडायच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आपल्या धंद्यात जरा मोकळे असतात. तोडणीच्या टोळ्या अजून आलेल्या नसतात, ऊस उभा असतो, आणि परतीच्या पावसाने रानाला वाफसा नसला तर पूर्वहंगामी लागणीलाही हात घालता येत नाही. अशाच दिवसांत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, भोर व वेल्हे तालुक्यांतील आम्ही चौदा सभासद सायकलींवरून समुद्र पाहून आलो. त्यानंतर जो भेटेल तो विचारू लागला, "काय हो, खरंच सायकलवर गेला होता?" प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच द्यावे, म्हणून हा वृत्तांत.

आमच्यात सर्वांत लहान गडी एकोणीस वर्षांचा, नुकता वडिलांच्या जागी सभासद झालेला. सर्वांत मोठे आबा, वय सदुसष्ट. पाच जणांकडे गिअरच्या सायकली होत्या. बाकीच्यांच्या त्याच काळ्या, बावीस इंची, दुधाच्या किटल्या वाहून कॅरिअर वाकलेल्या. वेल्ह्याची सहा मंडळी आदल्या दिवशीच मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ करीत भोरला मुक्कामाला आली. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. आम्ही निघालो तेव्हा वेल्हेच होते, म्हणून इथेही तेच लिहितो.)

मोटारीने हा रस्ता आम्ही कितीदा तरी केला आहे. पण आबांचे म्हणणे असे, की मोटारीतून चढ कळत नाही आणि पाणीही दिसत नाही. त्यांचे आजोबा याच वाटेने बैलांच्या पाठीवर धान्य घालून कोकणात उतरत आणि येताना मीठ व सुकी मासळी आणत. ते चालत गेले, आपण निदान पायडल मारू, एवढाच हिशेब.

ऑक्टोबर निवडण्याला आणखी एक कारण होते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत वरंध घाटाची मोठी पडझड झाली. तेव्हापासून ऐन पावसाळ्यात हा घाट अवजड गाड्यांना बंद करतात आणि धोक्याचा इशारा असला की सगळ्यांनाच बंद करतात. बंदी असताना चोरून जायचे नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरले होते. बंदी उठली, पण २०२२ चा परतीचा पाऊस काही उठायला तयार नव्हता. दिवाळी तोंडावर आली तरी तो तळ ठोकून होता. शेवटी पावसातच निघालो.

सायकलीच्या तयारीविषयी थोडे सांगतो, कारण पोरे यातच गफलत करतात. जुन्या सायकलीची कड लोखंडी, वर पॉलिश केलेली. ती ओली झाली की ब्रेकचे रबर नुसते घसरते. दाबाल तेवढे दाबा, सायकल आपली चालूच. ॲल्युमिनियमची कड ओली झाली तरी त्यामानाने बरी धरते. म्हणून निघण्याआधी सगळ्यांची रबरे नवी घातली. उताराला लागण्यापूर्वीच ब्रेक हलके धरून कडेवरचे पाणी पुसून घ्यायचे आणि दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवायचे, हेही ठरवले. चेनला ऑइल, सोबत पंप, दोन जादा ट्यूब आणि पंक्चरचे सोल्युशन. अंगावर कोणाच्या रेनकोट, तर कोणाच्या युरियाच्या गोणीची खोळ. खोळवाल्यांना आधी सगळे हसले. घामाने आतून भिजायला झाले तेव्हा रेनकोटवाल्यांचेच तोंड बारीक झाले.

भोर सोडले तेव्हा झुंजुमुंजू झाले होते. इथून महाड पाऊणशेच्या वर किलोमीटर. रस्ता हिरडस मावळातून जातो. बाजीप्रभूंचा हा मुलूख. त्यांचे शिंद गाव याच तालुक्यातले. काही वेळाने डाव्या-उजव्या हाताला कुठून तरी पाणी दिसू लागते आणि नीरा देवघर धरणाचा फुगवटा सुरू होतो. धरण काठोकाठ भरले होते. क्षमता ११.७३ टी.एम.सी. भोरशेजारच्या भाटघरची त्याच्या दुप्पट, २३.५० टी.एम.सी. खाली वीर ९.४१ आणि वेल्ह्यातले गुंजवणी ३.६९. हे आकडे आपण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो. चारही भरली की निश्वास टाकतो आणि पान उलटतो. फुगवट्याच्या कडेने तासभर सायकल हाकली तेव्हा एक टी.एम.सी. म्हणजे काय, ते मांड्यांना कळले.

या पाण्यावर खाली कोणाकोणाचा ऊस उभा आहे ते सभासदांना सांगायला नको. डाव्या कालव्याने बारामती, इंदापूर; उजव्या कालव्याने फलटण, माळशिरस. भाटघरचे मोठे धरण १९२८ सालचे, आता त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. डावा कालवा त्याहूनही जुना, एकोणिसाव्या शतकातला. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र त्याच खोऱ्यात. आपल्या बहुतेकांच्या रानात असलेला को ८६०३२ हा वाणसुद्धा महाराष्ट्रात 'नीरा' या नावाने प्रसारित झाला. नावापासून पाण्यापर्यंत सगळे नीरेचे!

आणि ती नीरा आम्ही शिरगावला पाहिली. रस्त्यालगतच तिचा उगम. कुंडापाशी सायकली टेकवल्या. पावसाचे दिवस, तरी उगमाची धार ती केवढी. खळ्यात गडी हात धुतो एवढी. एकोणीस वर्षांचा आमचा गडी म्हणाला, "ही? हिच्यावर एवढे कारखाने?" कोणी हसले नाही. आबांनी ओंजळभर पाणी डोळ्याला लावले.

तिथल्या एका घरात आम्हाला चहा मिळाला. घरच्या माणसाने विचारले, "कुटनं आलाव?" आम्ही ऊसवाले म्हटल्यावर तो म्हणाला, "मंजी आमच्या पान्याचं मालक." बोलणे चेष्टेचे होते, पण चहा घशात अडकला. या खोऱ्यातल्या कितीतरी कुटुंबांची भातखाचरे देवघरच्या पाण्याखाली गेली आहेत. धो धो पाऊस पडतो तो इथे, धरण आहे ते इथे, आणि उन्हाळा लागला की वरच्या वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. डोंगरउताराला पाणी थांबत नाही आणि धरण पडले खाली. ते वर चढवायचे तर वीज हवी, योजना हवी. वेल्ह्याच्या मंडळींना हे नवे नव्हते. त्यांच्याकडे एका अंगाचे पाणी गुंजवणीने नीरेला जाते, दुसऱ्या अंगाचे आंबी नदीने पानशेतला आणि पुढे मुठेने पुण्याला. मधल्या वाड्यांची फेब्रुवारीनंतरची स्थिती हीच. पाळीपत्रक दोन दिवस लांबले तर आपण पाटबंधारे कचेरीत जाऊन बसतो. त्या माणसाने मात्र चहाचे पैसेही घेतले नाहीत.

शिरगावच्या पुढे डोंगराची धार येते. नकाशात ती रेघ असते. इथे ती धुक्यात बुडालेली होती. अलीकडे पडलेला थेंब नीरेला, नीरा नरसिंगपूरला भीमेला, भीमा कृष्णेला, असा अख्खा मुलूख ओलांडून पूर्वेच्या समुद्राला मिळतो. हातभर पलीकडे पडलेला थेंब कड्यावरून उडी टाकून सावित्रीला मिळतो आणि पश्चिमेच्या समुद्राला जातो. वारा कोणत्या बाजूने वाहतो, एवढ्यावर त्या थेंबाचे नशीब. आणि आपलेही.

घाटात वाघजाईचे देऊळ आहे, भजी-चहाची दुकाने आहेत. तिथे पोचलो आणि पावसाने जे धरले ते सोडीना. दहा हातांवरची सायकल दिसेना. इथे आमच्यात पहिला मतभेद झाला. तरुण मंडळी म्हणत होती, उतारच तर आहे, तासाभरात वरंध गावात असू. आबा म्हणाले, पाऊस उघडेपर्यंत मी हलत नाही, ज्याला जायचे त्याने जावे. दुकानातली बाई भजी तळता तळता एवढेच बोलली, "त्या सालीबी असाच आवाज करीत व्हता."

ते साल म्हणजे २०२१. तारीख २२ जुलै. या घाटाच्या पायथ्याच्या टापूतच महाड तालुक्यातले तळीये गाव आहे. त्या दिवशी डोंगर सुटला आणि गावची वाडी त्याच्याखाली गेली; ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ रोजी पहाटे माळीण असेच गाडले गेले. तिथे दीडशेहून अधिक. भोर-वेल्ह्यातल्या आपल्या सभासदांपैकी किती जणांची घरे डोंगराच्या पोटाशी आहेत हे आम्ही तिथे बसल्या बसल्या बोटांवर मोजले. आमच्या चौदांतच चौघे निघाले. मग बोलणे साहजिकच तिकडे वळले. झऱ्याचे नितळ पाणी एकाएकी गढूळ येऊ लागणे, वाहता झरा अचानक आटणे, उताराला भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे: यातले काहीही दिसले तर गुरे सोडून द्यावीत आणि माणसांनी आधी बाहेर पडावे. सामान नंतर. एकाच्या घरामागे पावसाळ्यात भेग पडली होती आणि त्याने ती शेण-मातीने लिंपून टाकली होती. तो तिथेच उठला, दुकानाच्या पडवीतून घरी फोन लावला आणि पाऊस थांबेपर्यंत मंडळींना चुलत्याकडे झोपायला जायला सांगितले. आमच्या मते त्या सगळ्या सफरीतले सर्वांत मोलाचे काम ते झाले.

दोन तासांनी पाऊस उणावला. तरीही सायकलीवर कोणी बसले नाही. निम्मा घाट आम्ही सायकली हातात धरून, डोंगराच्या बाजूने एकामागे एक उतरलो. एका वळणावर ताजे दगड पडलेले होते, नारळाएवढे. त्यांच्या बाजूने लाल पाणी येत होते. कोणी काही बोलले नाही, पाय मात्र आपोआप उचलले गेले. मतभेदवाले तरुण त्या वळणावर सर्वांत पुढे होते, एवढे नमूद करतो.

खाली उतरल्यावर हवाच बदलली. गार वारा गेला, अंगाला चिकट घाम आला. बिरवाडीवरून अंधार पडता पडता महाड गाठले आणि एका धर्मशाळेत ओली धोतरे-पँटी दोरीवर टाकून पडलो.

सकाळी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह इथले पाणी प्राशन केले. सर्वांसाठी खुले असलेल्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे शाळेत वाचलेले असते. आदल्या दिवशीचा शिरगावचा चहा आठवून आम्ही पायरीवर जरा जास्तच वेळ बसलो.

महाडपासून सावित्रीची सोबत. हिच्यावरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्याही. तो पूलही भाटघरसारखाच १९२८ सालचा, म्हणजे एकाच वर्षाची दोन बांधकामे. पूल वर्षभराच्या आत नवा झाला. दासगावला २००५ च्या जुलैत दरड कोसळून माणसे गेली होती, तेही गाव वाटेतच लागले. टोळ फाट्याला महामार्ग सोडून आंबेतकडे वळलो. हे माजी मुख्यमंत्री अंतुले यांचे गाव. पुढचा रस्ता म्हणजे एक चढ, एक उतार, पुन्हा चढ. घाट परवडला, असे सगळ्यांचे मत पडले. दोन पंक्चर झाली, एकाची चेन तुटली. ती एका गॅरेजवाल्याने जोडून दिली आणि घाटावरची माणसे पावसात सायकल चालवतात म्हणून वर कौतुकही केले.

हरिहरेश्वरला दुपार कलताना पोचलो. चौदापैकी सहा जणांनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. देवळामागे खडकांतून प्रदक्षिणेची वाट आहे. भरती असताना तिथे जाऊ नये असे सांगितले जाते, लाटेने माणसे ओढली गेली आहेत. आम्ही वरूनच पाहिले. दक्षिणेला सावित्री समुद्राला मिळते, पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला. खाडीचे लाल पाणी समुद्रात लांबवर शिरलेले वरून स्पष्ट दिसत होते. त्यात घाटातली मातीही असणारच.

आबा वाळूवर उतरले, पाणी चाखून थुंकले आणि म्हणाले, "येवढं पानी, आन् येक वाफा भिजायचा न्हाय."

परतीला एका सभासदाचा टेंपो बोलावला होता. माणगाव, ताम्हिणी करीत पहाटे घरी आलो. खाऱ्या हवेत एका दिवसात चेनवर गंज चढतो. गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, लगेच तेल सोडावे. वेल्ह्याच्या दोघांना तेवढीही सवड मिळाली नाही. त्यांचे हळवे भात त्या दोन दिवसांच्या पावसाने आडवे झाले होते. सायकली ओसरीला टेकवून ते तसेच विळे घेऊन खाचरात उतरले.