पर्यटकांसाठी बोट घ्यायची? आधी रिकाम्या सीटचा हिशेब मांडा

श्रीवर्धन, दापोली, गुहागर... आपल्या कोकणपट्टीतल्या समुद्रकाठच्या घरांत हल्ली एक बोलणं बरंच ऐकू येतं. आखातातून परत आलेला मुलगा म्हणतो, मासेमारीत आता काही उरलं नाही, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला फायबरची बोट घेऊ. वडीलधारी लगेच विचारतात, "अरे, पेट्रोल केवढं महाग झालंय!" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा.

हिशेब करून बघू. 40 हॉर्सपॉवरचं पेट्रोलचं मशीन पूर्ण जोरात चालवलं तर तासाला साधारण 15 लिटर पितं. अर्ध्या तासाच्या फेरीत सगळा वेळ जोरात जात नाही, म्हणून 5 लिटर धरा. 105 रुपये लिटरने झाले 525. माणशी 250 रुपये धरले तर सहा माणसांचे 1500 येतात, तीन माणसांचे 750. पेट्रोल मात्र जवळजवळ तेवढंच जळतं. आता लिटरमागे 10 रुपये वाढले, तर फेरीला 50 रुपये जास्त जातील. एक सीट रिकामी गेली तर 250 गेले. पाचपट फटका!

आणि सीट रिकामी का राहते? मुंबई-पुण्याच्या माणसाला गाडीत पेट्रोल टाकावं लागतं, राहण्या-जेवणाचा खर्च टळत नाही. हात आखडला की पहिली कात्री लागते ती बोटीच्या फेरीला.

अमेरिकेत लोक हौसेसाठी स्वतःच्या बोटी घेतात, तिथेही हेच दिसलं. 2008 च्या जुलैत तिथे पेट्रोल गॅलनला 4 डॉलरच्या वर गेलं आणि वर्षअखेरीस 2 डॉलरच्या खाली आलं. पण पेट्रोल स्वस्त झालं म्हणून बोटींचा खप सावरला नाही, कारण नोकऱ्या जात होत्या आणि बँका कर्ज द्यायला तयार नव्हत्या. 2009 मध्ये जेनमार ही मोठी बोट कंपनी दिवाळखोरीत गेली. इंधनामुळे बोट किती फिरवायची ते ठरतं. ती घ्यायची की नाही, हे कमाईवर ठरतं.

आपली अडचण आणखी वेगळी. तेल महागलं की आखातात कामं निघतात, घरी पैसा येतो. 2014 नंतर तेल पडलं तेव्हा तिथे अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणजे बोटीचा विचार बहुतेक वेळा नेमका तेव्हा येतो, जेव्हा घरातली पक्की कमाई थांबलेली असते.

त्यात पावसाळ्यात बोट बंद, पण कर्जाचा हप्ता बारा महिने. सूद नको म्हणून बरीच कुटुंबं नातेवाइकांकडून पैसे उभे करतात. चांगलंच आहे, पण तोंडी ठेवू नका. मुजारबत असेल तर एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत; नफ्याचं प्रमाण आधी ठरवायचं, आणि चालवणाऱ्याचा हलगर्जीपणा नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. सगळ्यांनीच पैसे घातले असतील तर ती शिरकत, तोटा ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. मामूंनी पाच लाख दिले ते कर्ज की भागीदारी, हे कागदावर नसलं की तिसऱ्या पावसाळ्यात बोलणं बंद होतं.

मासेमारी बोटीला सोसायटीमार्फत डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो. ती सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावं, पर्यटकांच्या बोटीसाठी तो परतावा धरू नये.

शेवटचं, कोटेशन नीट वाचा. प्रवासी किंवा सहलीच्या बोटीवर जीएसटी 5 टक्के आहे, तर हौसेच्या आणि खेळाच्या बोटींवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. विक्रेत्याने आपली बोट कुठल्या गटात दाखवली आहे ते बयाणा देण्याआधी लेखी घ्या, आणि मेरीटाइम बोर्डाचा प्रवासी परवाना त्याच बोटीला मिळेल का, तेही बंदराच्या ऑफिसात विचारून या.