धूळ मोजणारे यंत्र आणि त्यातील धूळ

आमच्या शाळेच्या गच्चीवर हवेतील धूलिकण मोजणारे एक लहानसे यंत्र आहे. रोज सकाळी त्याचा आकडा फळ्यावर लिहितात, आणि तो फार चढलेला असल्यास दम्याचा विकार असलेल्या मुलांना मैदानावर धावावयास पाठवीत नाहीत. एका हिवाळ्यात हा आकडा आठवड्यागणिक उतरू लागला. आमचे इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ असे सलग सात वेळा पहिले आलेले; तेव्हा हवाही निर्मळ झाली असावी, अशी आम्ही गोड समजूत करून घेतली. पुढे कपाटातील कोरे यंत्र शेजारी ठेवून पाहिले, तो त्याने जवळजवळ दुप्पट आकडा दाखविला! जुन्या यंत्राच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले होते.

असे का व्हावे? कवडशात तरंगणारे रजःकण आपण सर्वांनी पाहिले आहेत. यंत्राच्या पोटात हाच प्रकार घडतो. छोटा पंखा हवा आत ओढतो, लेसर किरणांची शलाका तीतून जाते, आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश एक प्रकाशग्राही टिपतो. त्यावरून एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ आहे हे गणिताने काढतात. प्रत्यक्ष वजन कोणी करीत नाही. 'पीएम २.५' म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारताची २००९ ची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची १५.

तोंड बुजले की हवाच आत शिरत नाही आणि आकडा फसवा उतरतो. उलट पावसाळी किंवा धुकट हवेत कण पाणी शोषून फुगतात, आणि आकडा विनाकारण चढतो. तेथे सफाईचा उपयोग नाही, आर्द्रतेची नोंद शेजारी ठेवणे हाच उपाय.

सफाई करताना प्रथम वीज बंद करावी. मऊ कुंचल्याने तोंडावरील जाळे व धूळ काढावी आणि रबरी फुग्याच्या फुंकणीने हलकेच वारा घालावा. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार आत जातात. ओले फडके नको, सुई तर नकोच. आतील पेटी उघडण्याचा मोह (आम्हांलाही झाला होता!) आवरावा, कारण लेसरची शलाका डोळ्यांस घातक ठरू शकते. यंत्र छायेत, तोंड खाली करून, स्वयंपाकघराच्या धुरापासून दूर टांगावे. तोंडावर जाळी बसवावी, पण फार बारीक नको. तीच आधी बुजते.

आयुष्याचाही हिशेब आहे. एसडीएस ०११ ह्या प्रचलित संवेदकातील लेसरचे आयुष्य सुमारे ८,००० तास सांगतात. अखंड चालविला तर अकरा महिन्यांतच तो संपावयाचा. दर पाच मिनिटांतून एकच मिनिट चालविल्यास तोच साडेचार वर्षे पुरतो, आणि पंख्याने ओढलेली धूळही तितकीच कमी साचते. मात्र सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटाचे आकडे सोडून द्यावेत.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कपाटातील यंत्र दिवसभर गच्चीवर ठेवतात आणि दोन्ही आकडे नववीची मुले वहीत उतरवितात. त्या हिवाळ्यातील नोंदी आम्ही खोडल्या नाहीत. समासात तांबड्या शाईने 'जाळे' एवढेच लिहिले आहे.