सुट्या भागांस नंबर कसे द्यावे

पेरणीच्या ऐन वाफशावर पाभरीचा एक बोल्ट तुटला, तर शेतकऱ्याचें नुकसान बोल्टाच्या किमतीइतकें नसतें, गेलेल्या वाफशाइतकें असतें. त्यांत दुकानदारानें नुसत्या नांवावरून भलताच भाग दिला, म्हणजे दुसरी खेप पडते. यास्तव अवजारें बनविण्याचा कारखाना जे शेतकरी अगर ज्या सहकारी संस्था घालूं इच्छितात, त्यांनीं भट्टी पेटविण्यापूर्वीं सुट्या भागांचे नंबर ठरवावे, असें आमचें सांगणें आहे.

नंबरानें काय साधतें, याचें उदाहरण आमच्या उल्हासनगरांतच आहे. दुसऱ्या महायुद्धांत येथें लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस ती राहावयास दिली, व ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगराची स्थापना झाली. छावणीच्या पांच कॅम्पांस व त्यांतील बराकींस नंबर होते. पुष्कळ बराकी जाऊन तेथें इमारती उठल्या, तरी कॅम्प व बराक यांचे नंबर पत्त्यांत अद्यापि चालतात. ता. १५ ऑगस्ट १९७२ पासून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेला पिनकोड सुरू झाला. कॅम्प नं. ३ चा पिन ४२१००३ असा आहे. त्यांतील पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचे व शेवटले तीन टपाल कचेरीचे. गल्ली वा घरमालक यांचा त्यांत उल्लेख नाहीं.

यावरून पहिला नियम निघतो. बदलणाऱ्या गोष्टी नंबरांत घालूं नयेत. जमीन जिराइताची बागाइत होवो, मालक बदलो, सर्व्हे नंबर त्यासाठीं बदलत नाहीं. मालक गांव नमुना सातांत व पीक बारांत सांपडतें. तद्वत् किंमत, पुरवठादार व फडताळाची जागा हीं नोंदवहींत लिहावींत.

दुसरा नियम असा कीं, वर्ग वस्तूच्या जातीवरून पाडावा, अवजारावरून पाडूं नये. एकच बोल्ट नांगरास व कुळवास चालत असतां त्यास नांगराचा एक व कुळवाचा एक असे दोन नंबर दिले, तर एका खणांत माल पडून असतांना दुसऱ्या खणासाठीं नवी खरेदी होते. उदाहरणार्थ, ३० हा वर्ग बोल्टांचा धरून ३०-०१२५ असा नंबर द्यावा.

तिसरा नियम, पुढच्या वाढीस जागा ठेवावी. रेल्वेगाड्यांचे चार अंकी नंबर अपुरे पडल्यानें ता. २० डिसेंबर २०१० पासून ते पांच अंकी करावे लागले. वरील पद्धतींत एकेका वर्गांत ९,९९९ भाग मावतात.

चौथा नियम फेरफाराचा. सुधारलेला भाग जुन्याच्या जागीं बिनतक्रार बसून तेंच काम करीत असेल, तर नंबर तोच ठेवावा. बसत नसेल, तर नवा नंबर देऊन जुन्यासमोर तशी नोंद करावी. बंद झालेला नंबर दुसऱ्या भागास कधींही देऊं नये. कारण दहा वर्षांपूर्वीं विकलेलें अवजार कोणाच्या तरी शेतांत चालूच असतें, व त्याचा मालक जुनाच नंबर सांगत येतो.

पांचवा नियम, नंबर देण्याचा अधिकार एकाच माणसाकडे व एकाच वहींत असावा. दोघांनीं नंबर दिले कीं एका नंबराचे दोन भाग निघालेच. ओतीव भागावर नंबर सांच्यांतच उठवावा. कागदाची चिठ्ठी एका पावसाळ्यांत जाते.

कारखाना न घालणाऱ्या वाचकांनींही नवें अवजार घेतेवेळीं सुट्या भागांची नंबरवार यादी मागून घ्यावी व ती पावतीसोबत जपून ठेवावी. अशी यादी जो देऊं शकत नाहीं, त्याच्याकडून हंगामांत वेळेवर भाग मिळेल असा भरंवसा धरूं नये.