डोक्याला मार बसला, तर २१ दिवस

२१ दिवस. रग्बीत डोक्याला मार बसून कन्कशन (मेंदूला धक्का) झालं, की पुढचा सामना खेळण्याआधी किमान एवढे दिवस जायला हवेत, असं ब्रिटनने हौशी खेळांसाठी २०२३ साली ठरवलं. शिवाय लक्षणं थांबल्यावर १४ दिवस जाईपर्यंत टॅकलचा सरावही नाही. म्हणजे १ ऑगस्टला मार बसला, तर २२ तारखेआधी सामना नाही. डोकेदुखी १० तारखेपर्यंत रेंगाळली, तर टॅकलच २४ तारखेनंतर.

जून २०२५ मध्ये पहिली रग्बी प्रीमियर लीग मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाली. हा खेळ उपनगरातल्या मुलांनी जरूर खेळावा. पण मोठ्या व्यावसायिक सामन्यांत खेळाडूला १२ मिनिटं बाहेर नेऊन प्रशिक्षित डॉक्टर तपासतात आणि तो परतूही शकतो, हे मुलांना लागू नाही. त्यांच्या बाबतीत नुसती शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. ‘सर, मी ठीक आहे’ यावर विसंबू नये. दहापैकी सुमारे नऊ कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही.

कॅनडातली रोवन स्ट्रिंगर १७ वर्षांची होती, शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार. मे २०१३ मध्ये सहा दिवसांत तीनदा तिच्या डोक्याला मार बसला आणि ती गेली. आधीचा मार भरून आलेला नसताना बसलेला दुसरा कोवळ्या मेंदूला झेपत नाही. ऑन्टॅरिओने २०१८ साली तिच्या नावाने कायदा केला.

आठवडाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायचा सल्ला आता मागे पडला आहे. विश्रांती एक-दोन दिवस, मग हळूहळू चालणं. १३ ते १८ वयाच्या १०३ खेळाडूंवरच्या अभ्यासात (२०१९) हलका व्यायाम करणाऱ्यांपैकी निम्मे १३ दिवसांत बरे झाले. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७ लागले. मोबाइलचा फरक याहून मोठा. १२ ते २५ वयाच्या १२५ जणांच्या अभ्यासात (२०२१) पहिले ४८ तास स्क्रीन टाळणाऱ्यांपैकी निम्मे साडेतीन दिवसांत सावरले, न टाळणाऱ्यांना आठ दिवस लागले. ऑनलाइन क्लासही स्क्रीनच आहे, हे दहावीच्या पालकांनी ध्यानात घ्यावं. आधी शाळा पूर्ववत, मग मैदान.

घाटकोपर-मुलुंडच्या कबड्डीच्या मॅटवरही हेच २१ दिवस मोजावेत. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, मान दुखणं किंवा न उतरणारी गुंगी दिसली, तर थेट कूपर, राजावाडी किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं. चार आठवड्यांनंतरही त्रास उरला, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं.